पहिलं पाणी

शनिवारी दुपारी अंगणातल्या नळापाशी कुणी फिरकायचं नाही, असा आईचा दंडक होता. त्या दिवशी तिची शाळा अर्धा दिवस असे. नारायणगुड्यातल्या एका मराठी शाळेत ती तिसरीच्या वर्गाला शिकवायची. तिथून बसने तारनाक्याला आमच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत यायला तिला एक वाजून जायचा. आम्हा भावंडांना खट्टी दाल आणि भात वाढून ती स्वतः उभ्याउभ्याच चार घास खाई, आणि मग फळीवरचं पितळेचं घमेलं खाली निघायचं. ते घमेलं दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही, अगदी लग्नघरी पीठ मळायला कुणी मागितलं तरी द्यायचं नाही. चर्चमधून आलेल्या पांढऱ्या पिशवीत आठवड्याभराचे रुमाल असत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपताना फादर ज्यांनी द्राक्षारसाचा प्याला पुसतात ते रुमाल, आणि वेदीवर प्याल्याखाली अंथरायची चौकोनी कापडं. आई ती घमेल्यात बुडवायची, हलक्या हाताने खळबळायची, आणि ते पहिलं पाणी उचलून डाळिंबाच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायची. साबण लागायचा तो दुसऱ्या पाण्याला. ते पुढे मोरीत गेलं तरी चालायचं. पहिलं पाणी मात्र मातीलाच द्यायचं, कारण त्यात ख्रिस्ताच्या शरीराचा एखादा कण, रक्ताचा एखादा थेंब असू शकतो आणि तो गटारात जाता कामा नये.

हे मी लहानपणी एखाद्या पाढ्यासारखं शिकले होते. मग पेजेची खळ, सावलीतली वेगळी दोरी, कोळशाची इस्त्री, आणि रुमालाच्या अशा घड्या की मधोमध भरलेला लाल क्रूस बरोबर वर यावा. इस्त्री फिरवताना आईच्या तोंडून शब्द निघत नसे. आतल्या खोलीत बाबा पेटीवर उद्याच्या गाण्याचा सूर लावत असत, लांबून वर्कशॉपचा भोंगा वाजे, आणि ओल्या कापडावर इस्त्री टेकल्याचा चर्र आवाज अधूनमधून येई. बाबा रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचे. रविवारी आठच्या मिस्सेला पहिलं वाचन त्यांचं, महिन्यातून एकदा मराठी मिस्सेला पेटी त्यांची, आणि फादरांच्या कमिटीत नाव त्यांचं. आम्ही मूळचे वैजापूरकडचे. इथल्या चर्चमध्ये तेलुगू आणि तमिळ माणसांच्या गर्दीत आमची मराठी घरं जेमतेम आठ-दहा. आईच्या शाळेतल्या बायकांना तर मराठी माणूस ख्रिश्चन कसा असतो हेच कोडं पडायचं. एकीने तिला विचारलं होतं की तुम्ही घरी इंग्रजी बोलता का. आई म्हणाली, बोलते की, पाहुणे लवकर जावेत असं वाटलं की. माझी नात हल्ली मराठी बोट ठेवून वाचते आणि दर ओळीला एक शब्द विचारते. हे प्रकरण ती वाचेल तेव्हा मोरी म्हणजे काय तेही विचारेल. आमच्या आताच्या फ्लॅटमध्ये मोरीच नाही.

आई ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून वाटतात ती भाकरी, घ्यायला उठत नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. लहान मूल आईला एका जागी बसलेलं बघतं, आणि तिथेच तिची जागा आहे असं धरून चालतं. मिस्सेत ती वेळ आली की बाकावरची माणसं एकेक करून रांगेत जायची, बाबा जायचे, पुढे मीही जायला लागले. परत यायचे तेव्हा आई गुडघ्यांवर असायची, डोळे मिटलेले, मांडीला बिलगलेला अंतू. मला वाटायचं ती अंतूसाठी थांबते. अंतू आठ वर्षांचा झाला, स्वतःच्या चपला स्वतः सांभाळायला लागला, तरी आई थांबलेलीच. मी तेव्हा नववीत होते. एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात शेजारच्या मुलीने मला सगळ्यांदेखत विचारलं, "तेरी मम्मी लाइन में कायको नईं आती? कुछ बड़ा पाप करे क्या?"  माझे कान असे तापले की घरी जाईपर्यंत निवले नाहीत. त्या दिवशी मटणाचा रस्सा होता आणि मी तो खाल्ला नाही, एवढ्यावरून आईने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

तिने दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, आणि मला मोठी समजून. त्याबद्दल मी अजून तिची ऋणी आहे. माझ्यानंतर दोन लेकरं तिच्या पोटातच गेली होती. अंतूच्या वेळी ती तीन दिवस शुद्धीवर नव्हती. हिमायतनगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या. आमच्या मावशीचं बाळंतपणही त्यांनीच केलेलं. आई डोळे उघडून बघायला लागल्यावर त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "देखो अम्मा, अब एक और हुआ तो तुम नईं बचते. ये दो बच्चों को कौन देखता, बोलो?" कागद आले, सह्या झाल्या, ऑपरेशन झालं. रेल्वे दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा मोठा लाल त्रिकोण रंगवलेला होता. त्याच्याखालून आम्ही लसी टोचून घ्यायला जायचो. पण चर्चच्या लेखी ते पाप होतं, आणि साधं पाप नव्हतं. चाळीस दिवसांनी आई कबुलीला गेली, जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, याचा पश्चात्ताप आहे ना. आईने विचार केला आणि नाही म्हणाली. आपण जगलो याचा तिला आनंद झाला होता, आणि तो लपवणं तिला जमेना. फादर म्हणाले की पश्चात्ताप नाही तर क्षमा देता येत नाही, आणि क्षमा नाही तर ख्रिस्तप्रसाद नाही. नियम त्यांनी केलेला नव्हता. आई उठून बाकावर येऊन बसली आणि तेव्हापासून बसलेलीच होती.

मी तिला विचारलं की नुसतं हो म्हणायला काय झालं होतं. ती म्हणाली, "देवापाशी खरं सांगायला जायचं आणि तिथंच खोटं बोलायचं? मग गेलेच कशाला?" मी विचारलं, बाबांनी काय सांगितलं कबुलीत. त्यावर तिने इस्त्रीतले कोळसे हलवले आणि म्हणाली की ते त्यांचं, दुसऱ्याची कबुली विचारू नये. मी ते तिथेच सोडून दिलं. चौदा वर्षांच्या मुलीला आपल्या लाजेपलीकडे फारसं दिसत नाही, मला तर मुळीच दिसत नव्हतं.

त्याच वर्षी अंतूचा पहिला ख्रिस्तप्रसाद ठरला. आमच्या चर्चमध्ये पद्धत अशी की मुलाला आई आणि वडील दोन बाजूंनी धरून वेदीपर्यंत नेतात. आधी मूल ख्रिस्तप्रसाद घेतं, मग आई, मग वडील. त्या दिवशी अख्खं चर्च त्या रांगेकडे बघत असतं, कारण मुलींचे झगे आणि मुलांचे पांढरे बूट बघायचे असतात. मोठ्या फादरांनी बाबांना ऑफिसात बोलावून सांगितलं की मार्थाने, म्हणजे आईने, त्याआधी कबुली करून घ्यावी, म्हणजे काही प्रश्न राहणार नाही. बाबा घरी आले ते मान खाली घालून. जेवताना त्यांनी विषय काढला, आईने त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा काढला. बाबा कधी आवाज चढवणारे नव्हते, त्यामुळे त्यांचं विनवणं फार वाईट वाटायचं. एका शब्दाचा प्रश्न आहे मार्था, ते म्हणायचे, लेकराच्या दिवसासाठी तेवढं कर. शेजारच्या रेजिना आंटीही येऊन बसल्या. त्या तेलुगू, पाच मुलांची आई, मनाने फार मऊ. त्यांनी आईचा हात हातात घेऊन सांगितलं, "सॉरी बोल देना अक्का, बस. हम सब बोले." सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदर ओढून घेतला. तेव्हा मला त्यांचं म्हणणं नीट समजलं नाही. त्या रांगेतल्या कित्येकींनी तेच ऑपरेशन करून कबुलीत नुसतं सॉरी म्हटलं होतं हे पुढे समजलं, तेव्हा चर्चमधली ती सगळी लांब रांग मला वेगळीच दिसायला लागली. पण मी त्या बायकांना नावं ठेवणार नाही. ज्यांना पोराबाळांत आणि नियमांत दोन्हीकडे राहायचं असतं त्या काहीतरी वाट काढतात, आणि मी स्वतः पुढे आयुष्यात अशा वाटा काढल्या आहेत.

मोठे फादर एकदा घरीही आले. उंच, सावळे, दमेकरी. त्यांना आमच्या घरचा आल्याचा चहा आवडायचा. आईशी ते हिंदीत बोलत. आईची हिंदी मोडकी, पण तिला पाहिजे ते त्यात बसत असे. ते तिला म्हणाले की आयुष्यभर चर्चचं ऐकत आलीस, इथेच काय अडलं. आई म्हणाली की बाकी सगळं ऐकते फादर, पण मनात नसलेलं दुःख तोंडाने कसं सांगू.  मग आईने टेबलावरचा रुमालांचा गठ्ठा पुढे केला. मी दाराआडून बघत होते. तिने विचारलं, हे काम आता दुसऱ्या कुणाला द्यायचं का. फादरांनी वरचा रुमाल उचलला, त्यावरच्या क्रूसावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नहीं अम्मा. ये तुम ही धोओ." त्यांनी चहा संपवला आणि गेले. नियमापलीकडे त्यांना जाता येत नव्हतं, आणि आईकडे पाठ फिरवावी असंही वाटत नसावं. आज त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या वयात होता, पण तो सगळा मी आईवर काढला.

तो शनिवार मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी अंतूचा समारंभ. घरात करंज्या तळलेल्या, बाबांच्या कोटाला ऊन दाखवलेलं, आईची नारायणपेठी साडी खुंटीवर. ती अजून कबुलीला गेली नव्हती आणि जाणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिने रुमाल भिजवले, खळबळले, आणि चुलीवर काही उतू गेलं म्हणून मला हाक मारून म्हणाली, लुसी, तेवढं पाणी झाडाला घाल. मी घमेलं उचललं. उद्या सगळं चर्च काय बघणार आहे तेच माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी चार पावलं चालले आणि ते पाणी मोरीत ओतलं. हात सुटला वगैरे काही नाही, बघूनसवरून ओतलं. आई दारात उभी होती. तिने पाहिलं. मी घाबरायला हवं होतं, पण मी तोंड वर करून म्हणाले, "तू तर ख्रिस्तप्रसाद घेतच नाहीस. तुला काय त्या पाण्याचं?"

तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नळापाशी आली, पदर खोचून मोरीच्या तोंडाशी बसली, जाळीवरचं खरकटं हाताने काढलं आणि तांब्याने स्वच्छ पाणी ओतत राहिली, एक तांब्या, दुसरा, तिसरा. मग वर न बघता म्हणाली, "मी घेत नाही म्हणून ते मोरीचं पाणी होतं का, लुसी?"

तेव्हा मला कळलं की हे सगळं तिला माझ्याहून जास्त खरं वाटत होतं. मी दर रविवारी रांगेत जाऊन जीभ पुढे करत होते आणि मनात गणिताचा पेपर घोळवत होते. ती आठ वर्षं बाकावर बसून भुकेली राहिली होती, कारण ती त्या भाकरीला भाकरी समजत नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. क्षमा मागितली की नाही ते आठवत नाही. रडले हे आठवतं, आणि तिने ओल्या हातानेच माझे डोळे पुसले हेही.

रविवारी अंतू पांढऱ्या बुटांत खूश होता, बूट चावत होते तरी. रांग निघाली. डावीकडे आई, उजवीकडे बाबा, मधे तो. मी तिसऱ्या बाकावर होते. अंतूने जीभ काढली, जरा जास्तच काढली, दोन-चार बायका हसल्या. मग मोठे फादर आईपुढे आले. त्यांनी ख्रिस्तप्रसाद वर धरला आणि शब्द उच्चारले. आईने मान लववली, खोल, आणि ओठ मिटलेले ठेवले. फादरांचा हात क्षणभर तसाच राहिला. ते तिला टाळून पुढे गेले असते तर कुणाला फारसं कळलंही नसतं, पण त्यांनी तसं केलं नाही आणि तिनेही नाही.  मग ते बाबांपुढे आले. बाबा म्हणजे ज्यांनी एक रविवार चुकवला नव्हता, तापात वाचन केलं होतं, कमिटीत कुणाला न दुखावता वीस वर्षं काढली होती. फादरांनी शब्द उच्चारले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि मान लववली. त्यांचेही ओठ मिटलेले होते.

चर्चमध्ये कुजबुज झाली, ती गाण्यात बुडाली. घरी चालत येताना अंतू पुढे उड्या मारत होता. रेल्वे फाटकापाशी गाडी जायची वाट बघत थांबलो तेव्हा आई हळूच म्हणाली की तुम्ही असं करायला नको होतं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"कागदावर सही माझी होती मार्था," ते म्हणाले. "मीही कबुलीला गेलो होतो. त्यांनी विचारलं पश्चात्ताप आहे का, मी आहे म्हणालो. दोन मिनिटांत मोकळा झालो. आठ वर्षं तुझ्या देखत जाऊन घेत होतो."

गाडी आली, तिच्या आवाजात आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. फाटक उघडलं तेव्हा तिने बाबांच्या कोटाची बाही धरलेली होती. रस्त्यात तिने त्यांना कधी असं धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाबांनी वाचन सोडलं, कमिटी सोडली. पेटी फादरांनी सोडू दिली नाही. दर रविवारी ती वेळ आली की आम्ही दोघं भावंडं रांगेत जायचो आणि ते दोघं बाकावर शेजारी शेजारी गुडघे टेकून असायचे. शनिवारचं घमेलं चालूच राहिलं. फक्त आता पहिलं पाणी झाडाला घालायला बाबा यायचे. बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, झाड सुटलं, आम्ही हिमायतनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. एका सकाळी भाजीची पिशवी हातात असतानाच बाबा गेले. शेवटचा ख्रिस्तप्रसाद द्यायला फादरांना बोलवायला वेळच मिळाला नाही. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मेथी निवडताना आईने विचारलं, "माझ्यापायी ते उपाशी गेले का गं?"   नाही असं म्हणावंसं वाटलं, पण तिच्यापुढे नुसतं बरं वाटावं म्हणून काही बोलायची सोय नव्हती.

तिच्या शेवटच्या आठवड्यात एक तरुण फादर आले. नवे होते, त्यांना जुनं काहीच माहीत नव्हतं. मी टेबलावर तिनेच घडी करून ठेवलेलं पांढरं कापड अंथरलं. अंतू, डोक्यावरचे केस गेलेला, खाटेच्या पायथ्याशी उभा होता. फादर वाकून मोठ्याने म्हणाले, "नानी, सब पापों का पछतावा है ना?"  हो म्हणायला फक्त मान हलवायची होती, त्या अवस्थेत तिला कुणी दोष दिला नसता. आईने डोळे उघडले आणि फार वेळ घेतला. तिला कुणी घाई करू नये म्हणून मी फादरांच्या बाहीला हात लावला.

"जे जे पाप केलं त्याचा आहे, फादर," ती मराठीत म्हणाली. "सगळ्याचा आहे."

फादरांना मराठी थोडं कळत होतं. त्यांनी मान डोलावली आणि क्षमेचे शब्द म्हटले. तिच्या पापांच्या यादीत काय होतं आणि काय नव्हतं हे त्यांना विचारायचं कारण नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. त्यांनी ख्रिस्तप्रसादाचा लहानसा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. इतक्या वर्षांनी तिने तोंड उघडलं, आणि तो तिला लवकर गिळता येईना, म्हणून मी चमच्याने पाणी पाजलं. फादरांनी वाटीत बोटं धुतली, प्रार्थना केली आणि गेले.

वाटीत घोटभर पाणी उरलं होतं. आई बोलू शकत नव्हती, पण ती वाटीकडे बघत होती, मग माझ्याकडे. चौदा वर्षांची ती मुलगी तिला अजून आठवत असणार. मी वाटी दोन्ही हातांत धरली, लिफ्ट न घेता तीन जिने उतरले आणि फाटकाजवळच्या बदामाच्या झाडाशी गेले. आमच्या इमारतीत माती फक्त तिथेच आहे. वॉचमन खुर्चीवरून उठून म्हणाला, "क्या डालरे अम्मा उधर?" मी त्याला पाणी म्हणून सांगितलं. वर आले तेव्हा आईने वाटी रिकामी आहे का ते पाहिलं, आणि मग डोळे मिटले.